आजोबांचं व्हायोलिन, आत माजिनीचं लेबल: इटालियन की जर्मन, आणि आता करायचं काय?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, फोटो मोठे करकरून बघितले, उत्तर लांबणार आहे तेव्हा चहा घेऊन बसा. आधी मला काय समजलं ते सांगतो, म्हणजे कुठं चुकत असेन तर तुम्हाला लगेच कळेल. तुमचे आजोबा मुंबईत बँडमध्ये वाजवायचे, १९५० च्या सुमारास त्यांनी हे व्हायोलिन एका गोव्याच्या वादकाकडून घेतलं, ते गेल्यावर ३०-३५ वर्षं ते माळ्यावर पडून होतं. आत चिकटवलेल्या कागदावर 'जोव्हान पाओलो माजिनी, ब्रेशा, १६५८' असं छापलंय. एक गृहस्थ म्हणाले इटालियन असू शकतं, मला द्या, पण पावती वगैरे नको. दुसरे एक दुरुस्तीवाले म्हणाले डुप्लिकेट आहे हो, घासून नवीन पॉलिश मारून देतो, शिकायला चालेल. आणि तुमची १३ वर्षांची मुलगी हिंदुस्थानी शिकतेय, तिला पणजोबांचंच वाजवायचंय. तुम्ही विचारलंय, हे खरं की खोटं?

मी २६ वर्षं व्हायोलिनं उघडतोय आणि मिटवतोय, आणि हा प्रश्न माझ्याकडं महिन्यातून एकदा तरी येतो. 'खरं की खोटं' असं विचारलं की उत्तर एका शब्दात येतं, माजिनीनं केलेलं नाही, संपलं. पण त्या उत्तराचा तुम्हाला काही उपयोग नाही. तुम्हाला खरं तर तीन गोष्टी कळायला हव्यात: हे कुठल्या दर्जाचं काम आहे, आज त्याची तब्येत कशी आहे, आणि मुलीच्या हाताला ते बसतंय का. किंमत, दुरुस्ती, विकायचं की ठेवायचं, हे सगळं त्यातूनच निघतं.

तरी लेबलपासूनच सुरू करू, कारण ते डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं ऐकू येत नाही, असा अनुभव आहे. जोव्हान्नी पाओलो माजिनी हा खराखुरा कारागीर होता. जन्म १५८० चा, उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहरात गास्पारो दा सालोच्या हाताखाली शिकला, मग स्वतःचं दुकान काढलं. १६३० मध्ये त्या भागात प्लेगची भयंकर साथ आली, त्या सुमारास तो गेला असं मानतात. म्हणजे तुमच्या लेबलवरच्या १६५८ साली माणूस जागेवरच नव्हता. दुसरं म्हणजे माजिनी स्वतःच्या लेबलवर साल टाकतच नसे, नाव आणि 'ब्रेशा' एवढंच. त्यामुळं माजिनीच्या लेबलवर साल दिसलं की आम्ही लोक तिथंच थांबतो. छापणाऱ्याला हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून फिकीर नव्हती, दुसरी शक्यता जास्त.

मग हे आलं कुठून? फोटोत जेवढं दिसतंय त्यावरून मी म्हणेन जर्मनीतल्या सॅक्सनीमधून, मार्कनॉयकिर्शेन नावाच्या गावातून किंवा त्याच्या शेजारच्या पट्ट्यातून, साधारण १८८० ते १९१० मधलं. हातात न घेता याहून नेमकं सांगणं म्हणजे ज्योतिष.

आता तुम्ही म्हणाल जर्मन लोकांनी अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या इटालियन माणसाचं नाव कशाला लावलं, आणि लावायचंच तर स्ट्राडिव्हारीचं, म्हणजे सगळ्यात नावाजलेल्या इटालियन कारागिराचं लावायचं. स्ट्राडिव्हारीचं तर ढिगानं लावलं, माझ्याकडं येणाऱ्या जुन्या जर्मन व्हायोलिनांत निम्म्यांहून जास्त 'स्ट्राडिव्हारी'च असतात, त्याखालोखाल श्टाइनर. हा श्टाइनर म्हणजे टिरोलमधल्या आब्सामचा, १६८३ मध्ये वारलेला, आणि १८ व्या शतकात त्याच्या वाद्यांना स्ट्राडिव्हारीपेक्षा जास्त मान होता हे आज कुणाला सांगून पटत नाही. माजिनीची हवा आली ती १९ व्या शतकात. शार्ल द बेरियो नावाचा बेल्जियन वादक माजिनीवर वाजवायचा, मैफली गाजवायचा, मग सगळ्यांना माजिनी हवं झालं. खरी माजिनी होती मोजकी. पॅरिसमध्ये व्हुयोम नावाच्या कारागिरानं माजिनीच्या उत्तम नकला केल्या, त्या महाग, आणि मग सॅक्सनीच्या व्यापाऱ्यांनी तोच नमुना सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असा बाजारात आणला. तेव्हा त्या लेबलला मी सरसकट फसवणूक म्हणत नाही. पुण्यातल्या हॉटेलच्या बोर्डावर 'कोल्हापुरी मिसळ' लिहिलेलं असतं, म्हणून कुणी आचाऱ्याचं आधार कार्ड मागत नाही. माजिनी म्हणजे त्या कॅटलॉगमधलं मॉडेलचं नाव. फसवणूक सुरू होते ती पुढं, म्हणजे ५०-१०० वर्षांनी कुणीतरी 'मेड इन जर्मनी' एवढी पट्टी खरवडून काढतो आणि वरचं नाव तेवढं ठेवतो तेव्हा.

मार्कनॉयकिर्शेनबद्दल थोडं सांगतो कारण त्याशिवाय तुमच्या व्हायोलिनचा दर्जा कसा ओळखायचा ते कळणार नाही. तिथं व्हायोलिनवाल्यांचा संघ १६७७ सालचा. शेजारच्या बोहेमियातून धर्माच्या छळामुळं पळून आलेल्या १२ कारागिरांनी तो काढला. पुढं दोनशे वर्षांत त्या धंद्याचं रूप पार बदललं. एक माणूस अख्खं व्हायोलिन करतोय असं राहिलं नाही, एका घरात फक्त मानेचं काम आणि स्क्रोल, म्हणजे मानेच्या टोकाची कोरीव गुंडाळी, दुसऱ्या घरात पाठी आणि वरच्या फळ्या, तिसरीकडं नुसत्या खुंट्या नि फिंगरबोर्ड, म्हणजे ज्यावर बोटं दाबतात ती काळी फळी, आणि सीमेपलीकडच्या शोनबाखमधून, ज्याला आता चेकमध्ये लुबी म्हणतात, तयार सांगाडे पाठीवर लादून यायचे. मार्कनॉयकिर्शेनचा व्यापारी ते सगळं जोडून, वार्निश लावून घ्यायचा, लेबल चिकटवायचा आणि जगभर पाठवायचा. आपल्याकडं पेणला गणपतीच्या कारखान्यात साच्यातून काढणारा वेगळा, रंगवणारा वेगळा आणि डोळ्यांची आखणी करणारा वेगळा, तसंच. माल इतका जायचा की १८९३ मध्ये अमेरिकेनं त्या एवढ्याशा गावात स्वतःची कॉन्सुलर एजन्सी थाटली होती. त्याच मालातला काही मुंबईच्या बंदरात उतरला आणि इथल्या बँडवाल्यांच्या, चर्चमध्ये सुरांचे धडे गिरवलेल्या गोव्याच्या वादकांच्या, नाटक कंपन्यांच्या हातात गेला. तुमच्या आजोबांची हकिगत त्यात अगदी चपखल बसते.

आणि पेणसारखंच, एकाच गावात शाडूची अप्रतिम मूर्तीही होते आणि घाईत रंगवलेलीही. तेव्हा 'जर्मन ट्रेड व्हायोलिन', म्हणजे असं वाटून काम करून बाजारासाठी काढलेलं व्हायोलिन, म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही, आणि 'जर्मन आहे म्हणजे भारीच' म्हणणाऱ्यांचंही नाही.

आता दर्जा कसा बघतो ते. माझ्याकडं डेंटिस्टचा छोटा आरसा आहे आणि एक वायरला लावलेला बारीक एलईडी. वरच्या फळीत इंग्रजी एफच्या आकाराच्या दोन फटी असतात, त्यांना एफ होल म्हणतात, एकीतून एलईडी आत सोडायचा, दुसऱ्या एफ होलमधून आरसा. पहिल्यांदा बघतो तो बास बार, म्हणजे वरच्या फळीच्या आतून जाड तारेच्या बाजूला जाणारी लांब पट्टी. चांगल्या कामात ती वेगळ्या लाकडाची, नीट बसवून सरसानं, म्हणजे कातडी-हाडांपासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या गोंदानं, चिकटवलेली असते. स्वस्त कामात कारागीर फळी पोखरताना तिथं लाकूड तसंच ठेवतो आणि त्यालाच बार म्हणतो. चिकटवलेली असेल तर पट्टीच्या बुडाशी स्पष्ट रेघ दिसते, तशीच ठेवलेली असेल तर पट्टी आणि फळी एकमेकांत वितळल्यासारखी दिसते, शेजारी पटाशीचे ओबडधोबड घाव तसेच. मग कोपरे. व्हायोलिनच्या चारही टोकदार कोपऱ्यांत आत ठोकळे असायला हवेत, बऱ्याच ट्रेड व्हायोलिनांत खालचे-वरचे ठोकळे असतात आणि कोपरे रिकामे, किंवा नजरेला येईल तेवढी नुसती चपटी फळी आडवी ठोकलेली, मागं पोकळ. हा बघा एफ होलमधून वाकून बघणाऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेला शो. मला त्या माणसाचा राग येत नाही, त्याला नगावर पैसे मिळायचे.

मग बाहेरून कडेच्या रेषा. माजिनीची खूण म्हणून सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे दुहेरी पर्फलिंग, कडेला समांतर जाणारी काळी-पांढरी-काळी पट्टी एकाऐवजी दोन. ती नुसती शोभा नाही, ती पट्टी लाकडात चर पाडून बसवलेली असली की कडेला बसलेल्या ठोक्याची चीर तिथंच अडते, आत जात नाही. तुमच्या व्हायोलिनला दोन्ही रेषा आहेत आणि पाठीवर तीन पाकळ्यांची गाठ पण आहे, ती हौसेनं केलेली दिसतेय. पण रेषा बसवलेल्या आहेत की शाईनं काढलेल्या, हे तपासा. कसं, तर उजव्या खांद्याशी, जिथं वरच्या सुरांना जाताना हात घासून घासून वार्निश उडालंय तिथं उन्हात बघा. वार्निश गेलंय पण रेष शाबूत, तर ती लाकडात आहे. वार्निशबरोबर रेष पण पुसट झालीय, तर शाई. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडं आलेल्या एका माजिनीत बाहेरची रेष खरी होती आणि आतली शाईची, अर्धी मजुरी वाचवली होती पठ्ठ्यानं, आणि मालकानं ४० वर्षांत ते बघितलं नव्हतं.

स्क्रोल पण बघा. या नकलांत स्क्रोलला बऱ्याचदा नेहमीपेक्षा एक वळसा जास्त असतो, तुमच्याही फोटोत तसाच वाटतोय. मागच्या बाजूनं स्क्रोलच्या मधून दोन पन्हळी खाली येतात, त्या हनुवटीखालून आत वळून शेवटपर्यंत कोरल्यात की घड्याळातल्या सहाच्या जागेपाशीच सोडून दिल्यात? सोडून दिल्या असतील तर ती सॅक्सनीच्या घाईची जुनी खूण. आणि मानेवर, खुंट्यांच्या पेटीपाशी, जोड दिल्यासारखी रेष दिसतेय म्हणता, त्यानं हुरळून जाऊ नका. खऱ्या जुन्या इटालियन वाद्यांच्या माना १९ व्या शतकात बदलल्या गेल्या, जुना स्क्रोल नव्या मानेवर सांधला, म्हणून तो जोड म्हणजे जुनेपणाचा पुरावा समजला जातो. हे व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतं, त्यामुळं नव्याकोऱ्या मानेवर सुईनं रेघ ओढून जोड 'दाखवायची' पद्धत होती. जोड खरा असेल तर रेषेच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या रेषा वेगळ्या दिशेनं जातात, खोटा असेल तर लाकूड सरळ आरपार.

फोटोवरून माझा अंदाज, आणि अंदाजच आहे, तुमचं व्हायोलिन मधल्या किंवा त्याच्या थोडं वरच्या दर्जाचं असावं. पाठीचं मेपल चांगलं पट्टेदार आहे, एफ होलच्या कडा स्वच्छ कापल्यात, वार्निश मधे सोनेरी आणि कडेला तपकिरी असं छाया देऊन लावलंय पण भडक नाही. आत बार चिकटवलेला निघाला आणि कोपऱ्यांत ठोकळे निघाले, तर मी ते माझ्या टेबलावर आनंदानं घेईन. आत पटाशीचे घाव निघाले, तर खर्चाचा हिशेब वेगळा करावा लागेल.

सालाबद्दल एक बारीक गोष्ट. ब्रिटनचा १८८७ चा कायदा आणि अमेरिकेत १८९१ पासून लागू झालेला नियम यामुळं परदेशी मालावर देशाचं नाव टाकणं आलं. म्हणून लेबलवर 'जर्मनी' असेल तर वाद्य त्यानंतरचं धरायचं, 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ नंतरचं, कारण त्याआधी तो देशच नव्हता. तुमच्या लेबलवर काहीच नाही. म्हणजे ते आधीचं असेलच असं नाही, देशाचं नाव कधी वेगळ्या चिटोऱ्यावर असायचं आणि ते गळून जायचं, कधी मुद्दाम काढलं जायचं. लेबलच्या खालच्या कडेला कागद कातरीनं सरळ कापल्यासारखा आहे का फाटलेला, ते बघून सांगा. लाकडाच्या वार्षिक रेषा मोजून वय काढायची तपासणी पण असते, पण तिचा खर्च या वाद्याला झेपणारा नाही, तो मार्ग सोडून द्या.

तर इथपर्यंतचं एका दमात: इटालियन नाही, जर्मन आहे, मॉडेल माजिनीचं आहे, शंभरी ओलांडलेलं आहे, आणि लेबलवरून किंमत काहीच ठरत नाही.

किंमत विचारलीत म्हणून सांगतो. युरोपात अशा चालू स्थितीतल्या ट्रेड व्हायोलिनला दर्जाप्रमाणे काही शे युरोपासून दोन-तीन हजार युरोपर्यंत मिळतात, नावाजलेल्या वर्कशॉपचं, म्हणजे उदाहरणार्थ रोथ किंवा हेबरलाइनचं सही-शिक्क्याचं काम असेल तर त्याहून बरंच वर. खऱ्या माजिनीशी याची तुलना नको, ते जग वेगळं. आता ते पावती नको म्हणणारे गृहस्थ. ते फसवतायत असं मी म्हणत नाही, त्यांना खरंच वाटत असेल. पण एकाच तोंडानं 'इटालियन असू शकतं' आणि 'कागद नको' म्हणणाऱ्याला मी तरी माझं वाद्य घरी बघायला नेऊ देणार नाही. आणि कुणी म्हणालं की परदेशात नेऊन तपासून आणतो, तर लक्षात ठेवा, शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू देशाबाहेर न्यायची म्हटलं की १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा मधे येऊ शकतो, पुरातत्त्व खात्याला आधी विचारल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट, दुरुस्ती. पॉलिशला नाही म्हणा. अगदी स्पष्ट नाही म्हणा. मी हे इतक्या जोरात का सांगतोय, तर स्वतः करून बसलोय. धंद्यात नवीन होतो, एका निवृत्त शिक्षकांचं जर्मन व्हायोलिन साफ करायला घेतलं, राळेचा थर बसला होता ब्रिजखाली, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या उभ्या लाकडी तुकड्याखाली, काळाकुट्ट, मी कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेतलं आणि फिरवलं. राळ निघाली. आणि कापूस नारिंगी झाला. दोन सेकंद मला कळलंच नाही की हा रंग कुठला, मग कळलं की वार्निशच हातात आलंय. त्या काळातलं बरंचसं ट्रेड वार्निश स्पिरिटमध्येच विरघळवून लावलेलं असतं, ते स्पिरिटनंच उतरतं, साधी गोष्ट, पण मला तेव्हा ती कुणी सांगितली नव्हती. रुपयाएवढा पांढरा डाग पडला. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पैसे देऊन गेले, मला अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो. तर घासकाम करून नवीन पॉलिश म्हणजे तो डाग अख्ख्या अंगभर. दिसायला चकचकीत, किंमत निम्मी, आणि वर जाड थर बसला तर आवाजही दबतो.

दुसरं, कुणी 'आतून फळी पातळ करून देतो, आवाज मोकळा होईल' म्हणालं तर तेही नको. जर्मन फळ्या कधी कधी जाड असतात हे खरं, आणि जाणकारानं मोजून केलेलं काम चांगलं होतंही, पण आपल्याकडं येतात ती केसेस उलटी असतात, फळी इतकी खरवडलेली की दोन वर्षांत ब्रिजखाली बसते. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

तुमच्या फोटोत वरच्या फळीवर, जाड तारेच्या बाजूला, खालच्या कडेपासून एफ होलकडं गेलेली चीर आहे. ती मला फार भयंकर वाटत नाही, लाकडाच्या रेषेत आहे, वरून दाबून बघितल्यावर हलत असेल तर उघडून सरसानं मिटवायची आणि आतून लहान लाकडी टाके लावायचे. भीती वाटते ती साउंडपोस्टच्या चिरेची, म्हणजे ब्रिजच्या बारीक तारेकडच्या पायाखाली आत जी काडी उभी असते तिच्या जागेवरची. वरच्या फळीला असेल तर महाग काम, पाठीला असेल तर किंमत निम्म्याहून खाली जाऊ शकते. पाठीवर त्या जागी वार्निशमध्ये उभी काळी रेघ आहे का, तिरक्या प्रकाशात बघा.

आणि कुठल्याही परिस्थितीत सरसाशिवाय दुसरं काही लावू देऊ नका. खुर्ची-टेबलाला फेव्हिकॉल उत्तम, व्हायोलिनला नाही. सरस साठेक अंशावर गरम करून लावतात, सुकला की घट्ट, आणि पुन्हा उघडायची वेळ आली की जरा ओलावा आणि बोथट सुरी घातली की टक्क असा आवाज करत जोड सुटतो, लाकूड शाबूत. आपल्या पावसाळ्यात मुंबई-कोकणात बऱ्याच व्हायोलिनांच्या कडा सुटतात, लोक घाबरून येतात, मी सांगतो की ही चांगली गोष्ट आहे, ताण आला तेव्हा जोड सुटला म्हणून फळी फुटली नाही. तिथं पक्का गोंद असता तर फळीच गेली असती. सुटलेली कड ठोकून बघायची, बोटाच्या पेरानं कडेनं टकटक करत जायचं, जिथं आवाज खुळखुळतो तिथं सुटलंय. ते तुम्हीही करू शकता.

कामांचा क्रम मी असा ठेवीन. आधी सुटलेल्या कडा आणि चीर. मग मान बघायची. जुन्या व्हायोलिनांची मान तारांच्या ओढीनं हळूहळू पुढं वाकते, मग तारा फिंगरबोर्डपासून उंच जातात आणि मूल बोटं दाबून दाबून रडतं, सर म्हणतात रियाज कमी पडतोय. पट्टी फिंगरबोर्डवर ठेवून ब्रिजच्या जागेपर्यंत न्यायची, तिथं फळीपासून उंची २७ मिलिमीटरच्या आसपास हवी. २३-२४ भरली तर मान काढून परत बसवावी लागेल, आणि हे सगळ्यात खर्चिक काम आहे. त्यानंतर नवीन ब्रिज, साउंडपोस्ट, खुंट्या. बास बार बदलायचा विचार सगळ्यात शेवटी, तोही आतलं काम चांगलं निघालं तरच, नाहीतर जुन्या स्कूटरला नवीन इंजिन.

आता मुलीचा हात. हे कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. माजिनी मॉडेल मोठं असतं. आजच्या साध्या फुल साइजच्या व्हायोलिनची पाठ ३५५-३५६ मिलिमीटर, या नकलांची पाठ ३६५ च्या पुढं सुद्धा जाते. कापडी टेपनं नको, ती पाठीच्या फुगवट्यावरून जाऊन जास्त दाखवते, सरळ पट्टी शेजारी धरून मोजा, मानेजवळचं छोटं बटण सोडून. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, वरच्या नटपासून, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या छोट्या कडेपासून, ब्रिजपर्यंत. ३२५ ते ३३० असेल तर बिनधास्त. ३३५ च्या वर गेली तर १३ वर्षांच्या हाताला प्रत्येक स्वर थोडा थोडा लांब पडणार, आणि घरातल्या दुसऱ्या व्हायोलिनवर बसलेला हात इथं बेसूर होणार. आपल्या बैठकीत स्क्रोल पायाच्या घोट्याशी टेकलेला असतो त्यामुळं मोठ्या अंगाचा त्रास पाश्चात्त्य वादकाएवढा होत नाही, हात आधाराला अडकत नाही, मींड मोकळी निघते, पण तारेची लांबी ती लांबीच. लांबी जास्त निघाली तर दोन वर्षं थांबा. शंभर वर्षं थांबलंय, अजून दोन थांबेल.

आवाजाचं विचाराल तर माजिनी मॉडेलची ख्याती खालच्या तारांच्या भरदार, जरा सावळ्या आवाजाची. आपण तारा पाश्चात्त्य सुरावटीपेक्षा उतरवून सा-पच्या जोड्यांत लावतो, तिथं हे मोठं पोट कामाला येतं, मंद्रातला आलाप छातीतून आल्यासारखा वाटतो. सगळ्याच नकलांत हे होतं असं नाही, काही नुसत्याच पोकळ वाजतात, मडक्यात बोलल्यासारख्या. वाजवल्याशिवाय कळत नाही. तारा लावताना जास्त ताणाच्या स्टीलच्या तारा नकोत, मऊ सिंथेटिक घ्या, आणि एकदम पूर्ण सुराला न चढवता तीन-चार दिवसांत हळूहळू चढवा, इतकी वर्षं झोपलेल्या माणसाला कुणी उठवून लगेच पळवत नाही.

व्हायोलिनच्या पेटीतला बो, म्हणजे गज, पण फेकू नका. बोचे केस झडलेत म्हणून लोक तो टाकून देतात आणि व्हायोलिन जपतात, कधी कधी बो जास्त किमतीचा निघतो. काडीवर फ्रॉगच्या, म्हणजे हातात धरायच्या टोकाशी असलेल्या ठोकळ्याच्या, जरा वर बारीक अक्षरं दाबलेली असतात, भिंगानं बघा.

मला पुढं सांगायला हवं असेल तर एवढे फोटो टाका: एफ होलमधून बास बारचा, एखाद्या कोपऱ्याच्या आतला, घासलेल्या खांद्यावरच्या दोन रेषांचा, लेबलच्या खालच्या कडेचा, आणि स्क्रोलचा मागून. पट्टीची दोन मापं, पाठ आणि तार. ब्रिज पुढं झुकलाय फोटोत, तो आत्ता सरळ करायला जाऊ नका, आधी चारही तारा दोन-दोन वळसे सैल करा, पूर्ण काढू नका, सगळ्या तारा एकदम काढल्या तर आतली काडी पडेल आणि ती खुळखुळ वाजायला लागली की तुम्हाला वाटेल काहीतरी तुटलं.